मोतीबिंदूसोबत काचबिंदूचा स्टेंट: दोन्ही डोळ्यांत एकच उपाय चालेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आईसाठी विचारतोय. आकडे सुरुवातीलाच देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी पडतील.

वय ६७. फाइलवर 'प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा, दोन्ही डोळे' असं लिहिलंय, म्हणजे कोन उघडा असलेला काचबिंदू. औषध सुरू होण्याआधीचा डोळ्यातला दाब (पाऱ्याचे मिलिमीटर) उजवा २७, डावा २९. सध्या थेंब: रात्री लॅटानोप्रॉस्ट आणि दिवसातून दोनदा डॉर्झोलामाइड-टिमोलोलची एकत्र बाटली. त्यावर उजवा १८, डावा १९. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५१२ आणि ५०८ मायक्रॉन. फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीत) एमडी, म्हणजे सरासरी घट, उजवा उणे ४.८, डावा उणे १३.६ डेसिबल. मोतीबिंदू दोन्हीकडे, चष्म्यासह ६/१८. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे.

सल्ला असा मिळाला की दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढताना त्याच बसणीत स्टेंट (डोळ्यातलं पाणी बाहेर जायला वाट करणारी बारीक नळी) टाकू, थेंब सुटतील. विचारायचं ते असं: थेंब खरंच सुटतात का? डाव्या डोळ्यालाही हेच पुरेल का? स्टेंटच्या कुठल्या जातीबद्दल बोलणं चाललंय हे कसं ओळखायचं? आणि पुढे कधी एमआरआय लागला तर?

---

गोनिओ_आधी

तुम्ही सगळे आकडे दिलेत, फक्त कोनाचा, म्हणजे कॉर्निया आणि बुबुळ (आयरिस) जिथे भेटतात त्या खाचेचा, दिला नाहीत. गोनिओस्कोपी (भिंगाने कोन बघायची तपासणी) कधी झाली आणि चारही बाजूंना काय दिसलं? आपल्याकडे 'ओपन अँगल' हे पुष्कळदा स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर) पुढचा कप्पा खोल दिसतो एवढ्यावरून लिहिलेलं असतं. भिंगाने कोनात डोकावल्याशिवाय स्टेंटची चर्चा सुरूच करू नये, कारण तो ज्या जाळीत रोवायचा ती जाळीच दिसत नसेल किंवा बुबुळाने झाकली जात असेल तर सगळं मुसळ केरात.

अहवाल मिळेपर्यंत कोन उघडा आहे असं धरून चालतो.

डोळ्यात मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलीटर पाणी तयार होतं. ते कोनातल्या जाळीतून म्हणजे ट्रॅबेक्युलर मेशवर्कमधून गाळून श्लेमच्या कालव्यात जातं, तिथून २५-३० बारीक नळ्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत. ओपन अँगलमध्ये सर्वांत मोठा अडथळा जाळीच्या कालव्याला लागून असलेल्या थरात असतो. स्टेंट तेवढ्या थराला वळसा घालतो. कालव्यापुढच्या नळ्या आणि शिरा आहेत तशाच राहतात. त्या शिरांतला दाबच ८ ते १० मिलिमीटर असतो, वर नळ्यांचा स्वतःचा अडथळा. म्हणून कालव्यातला स्टेंट दाब चौदा-सोळाच्या आसपास आणतो, दहा-अकरावर नेत नाही. शिरांपेक्षा खाली पाणी उतरणार कुठे? याची दुसरी बाजू अशी की दाब फारच खाली जाऊन डोळा मऊ पडण्याचा धोकाही त्यामुळेच जवळपास नसतो.

आता 'थेंब सुटतील' याबद्दल. हायड्रस स्टेंटच्या होरायझन चाचणीत ५५६ डोळे होते, सगळे सौम्य ते मध्यम काचबिंदूचे. औषधं धुऊन काढल्यावर मोजलेला दाब २ वर्षांनी किमान २० टक्क्यांनी उतरलेले डोळे स्टेंट गटात ७७.३ टक्के. हा आकडा पत्रकावर ठळक छापतात. पण नुसता मोतीबिंदू काढलेल्या गटात तो ५७.८ टक्के होता, हे कोणी आपणहून सांगत नाही. आय-स्टेंट इंजेक्टमध्ये तेच ७५.८ विरुद्ध ६१.९. म्हणजे उतरलेल्या दाबाचा मोठा वाटा नुसतं फुगलेलं भिंग काढल्यानेच मिळतो आणि स्टेंटची स्वतःची भर दीड-दोन मिलिमीटरची.

भर लहान, तरी टाकाऊ नाही. होरायझनमध्ये ५ वर्षांनी थेंबांशिवाय असलेले रुग्ण ६६ विरुद्ध ४६ टक्के, आणि पुढे काचबिंदूची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली ते २.४ विरुद्ध ६.२ टक्के. माझ्या मते या दुसऱ्या आकड्याचं वजन पहिल्यापेक्षा जास्त.

त्यामुळे उजवा डोळा, उणे ४.८, सौम्य नुकसान, तीन औषधांवर १८: स्टेंटसाठी चांगला उमेदवार. अपेक्षा मात्र 'तीनवरून एक किंवा शून्य' अशी ठेवा. शून्याचं वचन कोणी देऊ नये.

डावा वेगळा. एमडी उणे १२ च्या पलीकडे गेला की आपण त्याला तीव्र नुकसान म्हणतो. अशा मज्जातंतूला साधारण १२-१३ दाब हवा. वाढलेल्या काचबिंदूवरच्या एजीआयएस अभ्यासात ज्या डोळ्यांचा दाब ६ वर्षं प्रत्येक भेटीत १८ च्या खाली राहिला, त्यांचं फील्ड सरासरीने जवळपास जागच्या जागी होतं. आणि त्या गटाचा सरासरी दाब होता १२.३. त्यात कॉर्निया ५०८ मायक्रॉन, पातळ. मशीन १९ दाखवतं तेव्हा खरा दाब त्याहून थोडा वरच असण्याची शक्यता. स्टेंटने मिळणारा उतार इथे पुरणार नाही. मोतीबिंदूसोबत मायटोमायसिन (वाट व्रणाने बुजू नये म्हणून लावायचं औषध) वापरून ट्रॅबेक्युलेक्टमी (थोडक्यात ट्रॅब: डोळ्याच्या भिंतीतून पाण्याला नवी वाट करायची मोठी शस्त्रक्रिया), किंवा आधी ट्रॅब आणि काही महिन्यांनी मोतीबिंदू, यावर बोला.

---

ओटी_टेबल

डॉक्टरसाहेबांनी हिशेब मांडला, मी टेबलावरचं सांगते. आधी जाती, कारण 'स्टेंट' या एका शब्दाखाली तीन निरनिराळी घराणी विकली जातात.

पहिलं घराणं कालव्यातलं. आय-स्टेंट टायटॅनियमचा, हेपरिनचा लेप असलेला. २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालेला पहिला इंग्रजी एल आकाराचा, १ मिलिमीटर लांब. नंतरचा 'इंजेक्ट' खिळ्यासारखा: उंची ३६० मायक्रॉन, मधलं भोक ८० मायक्रॉन, बाजूला चार छिद्रं. एका इंजेक्टरमध्ये दोन भरलेले येतात. 'डब्ल्यू' म्हणजे त्याचीच रुंद टोपीची आवृत्ती. टोपी २३० वरून ३६० मायक्रॉन केली, कारण जुना जाळीत गडप व्हायचा. हायड्रस नितिनॉल या मिश्रधातूचा, ८ मिलिमीटर लांब, खिडक्या असलेला; घड्याळाचे तीन तास एवढा कालवा ताणून उघडा ठेवतो. दुसरं घराणं कंजक्टायव्हाखाली (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली) पाणी सोडणारं, उदाहरणार्थ झेन: डुकराच्या जिलेटिनची ६ मिलिमीटर नळी, भोक ४५ मायक्रॉन. याला मायटोमायसिन लागतं, वर पाण्याचा फोड तयार होतो, आणि त्या फोडातला चिकटा सुईने सोडवायची पाळी बऱ्याच रुग्णांत येते. जात्याच वेगळी शस्त्रक्रिया आहे ती. तिसरं घराणं कोरॉइडच्या (डोळ्याच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांच्या थराच्या) वरच्या फटीत पाणी नेणारं. त्यातला सायपास २०१६ मध्ये मंजूर झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतला: ५ वर्षांत कॉर्नियाच्या आतल्या पेशी सुमारे २० टक्के घटल्या, नुसत्या मोतीबिंदूच्या गटात १०. तेव्हा नाव लिहून मागा. 'इम्पोर्टेड स्टेंट' हे नाव होत नाही.

आता क्रम. बहुतेक सर्जन फेको (मोतीबिंदू फोडून काढायची शस्त्रक्रिया) पूर्ण करून, कृत्रिम लेन्स बसवून मग स्टेंट टाकतात. जाड नैसर्गिक भिंग गेल्यावर कोन मोठा मिळतो. पण कडक मोतीबिंदूत फेकोनंतर कॉर्निया धुरकट होतो, तेव्हा काही जण स्टेंट आधी उरकतात. लेन्सनंतर बाहुली आकसायचं औषध आत सोडतात, मग पुढचा कप्पा घट्ट जेलने भरतात. रुग्णाचं डोकं सर्जनपासून दूर ३५ ते ४५ अंश, मायक्रोस्कोप सर्जनकडे तेवढाच कलता. दोन्ही हवंच, नुसतं एक केलं की नाकाकडचा कोन नीट दिसत नाही. कॉर्नियावर जेलचा थेंब आणि त्यावर गोनिओप्रिझम (कोन दाखवणारं भिंग) अलगद टेकवलेलं. प्रिझम जोरात दाबलं की कॉर्नियाला घड्या पडतात आणि सगळं पुसट होतं. नवशिक्यांचा निम्मा वेळ इथेच जातो.

जाळी ओळखायची कशी? रंगीत पट्टा दिसला तर सोपं. फिकट असेल तर आतला दाब किंचित उतरवायचा: जखमेच्या कडेवर हलकं दाबून थोडं जेल सोडलं की रक्त कालव्यात उलटं येतं आणि गुलाबी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे पत्ता. कप्पा जेलने ठासून भरला तर रेघ येतच नाही, शिवाय कालवा चपटा होतो. फेकोत कॅप्सूल रंगवायला ट्रायपॅन ब्लू वापरला असेल तर जाळीही निळसर दिसते, फुकटचा फायदा.

इंजेक्ट टाकताना टोक जाळीला लंब टेकवायचं, हलका खळगा पडेल एवढंच दाबायचं आणि बटण. जास्त दाबलं तर स्टेंट आत पुरला जातो, कमी दाबलं तर लटकतो आणि पुढच्या कप्प्यात सुटतो. दुसरा घड्याळाचे दोन-तीन तास सोडून. भोकातून रक्ताची बारीक धार उलटी आली तर समजायचं की कालवा लागला. हायड्रसला टोकाने जाळीत छोटा छेद, मग टोक किंचित वर करून चाक फिरवत आत. जाळीमागे एकेक खिडकी सरकताना दिसली पाहिजे. अडलं की ढकलायचं नाही; मागे घेऊन शेजारून परत. जबरदस्ती केली तर नळी कालवा सोडून भलत्याच थरात शिरते.

शेवटी जेल पूर्ण काढणं, लेन्सच्या मागचंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दाब ३५ झालेला दिसला तर बहुतेक वेळा आत उरलेलं जेलच त्याला कारण असतं.

घरच्यांनी एक गोष्ट आधी सांगायची राहते: मान वळते का? स्पाँडिलोसिस असेल, हात किंवा डोकं हलत असेल, ऐकू कमी येत असेल तर आधी सांगा. थेंबांची भूल असेल तर रुग्णाने स्वतः नजर वळवायची असते. सुईची भूल दिली तर डोळा वळत नाही, सगळं मानेवर येतं.

---

वाकडी_सुई

वरचं मान्य, पण खर्चाची बाजू कोणीच काढली नाही. जाळी उघडायला धातू आत ठेवावाच लागतो असं कुठे आहे? २५ गेजची सुई टोकाशी वाकवून तीच जाळी नाकाकडच्या बाजूने कापून काढता येते. मोतीबिंदूसोबत पाच मिनिटं जादा, सामानाचा खर्च नगण्य. कालवा तोच, शिरा त्याच, म्हणजे गोनिओ_आधी यांनी सांगितलेला चौदा-सोळाचा तळही तोच. आत काही राहत नाही, त्यामुळे हलणं, बुजणं, पुरलं जाणं हे प्रश्नच नाहीत. कालव्यातून दोरा फिरवून पूर्ण ३६० अंश उघडायचा तो गॅट. आपल्याकडे स्टेंटपेक्षा हीच वाट जास्त रुग्णांच्या खिशाला झेपते.

आणि डाव्याचा खर्च मोठा वाटत असेल तर लक्षात असू द्या, ट्रॅबेक्युलेक्टमीला महागडं उपकरण काही लागत नाही. ती फसली तरी मदुराईच्या ऑरोलॅबचं आडी इम्प्लांट (पाणी बाहेर नेणारी ट्यूब) आहे, परदेशी ट्यूबपेक्षा बरंच स्वस्त.

---

गोनिओ_आधी

सुईबद्दल तत्त्वतः सहमत, या रुग्णाबाबत नाही. कारण क्लोपिडोग्रेल. जाळी लांब कापली की उघडी जखम मोठी, कालव्यातून रक्त उलटं येतं, पुढच्या कप्प्यात रक्त साचतं. गॅटमध्ये हे इतकं नेहमीचं की रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येत नसेल तर मी तो टाळतो. दोन छोट्या भोकांतून रक्त येतं तेही थेंबभर. स्टेंटची किंमत कुठे वसूल होते विचाराल तर अशा रुग्णांत. गोळी मात्र घरच्या घरी बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर डोळ्यातल्या स्टेंटसाठी तो धोक्यात घालायचा नाही. हृदयविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घ्या.

इंजेक्ट की हायड्रस? मोतीबिंदूशिवाय नुसते स्टेंट टाकून झालेल्या कंपेअर चाचणीत १२ महिन्यांनी थेंबांशिवाय असलेले रुग्ण हायड्रसमध्ये ४६.६ टक्के, दोन आय-स्टेंटमध्ये २४. ते आय-स्टेंट पहिल्या पिढीचे होते, म्हणून निकाल जसाच्या तसा आजच्या इंजेक्टला लावता येत नाही. मला विचाराल तर सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो घ्या. वर्षाला दोन हायड्रस टाकणाऱ्याकडून हायड्रस घेण्यापेक्षा महिन्याला दहा इंजेक्ट टाकणाऱ्याकडून इंजेक्ट बरा.

---

कृष्णाकाठ

गोनिओस्कोपीचा कागद सापडला, तीन वर्षांपूर्वीचा. उजवा: चारही बाजूंना ग्रेड ३-४. डावा: वर ग्रेड १, बाकी २. पुढे 'दाबून गोनिओ' असा शेरा आहे, पण त्यासमोर काहीच लिहिलेलं नाही.

---

गोनिओ_आधी

मग डावा 'ओपन अँगल' हे लेबल आधी तपासा. ग्रेड १ आणि २ म्हणजे कोन चिंचोळा. दाबून पाहिल्यावर कोन उघडतो की चिकटलेला राहतो, हाच नेमका मोकळा सोडलेला रकाना आहे. तीन वर्षांत मोतीबिंदू फुगला असणार, कोन आणखी बारीक झाला असणार. चिकटलेल्या भागात स्टेंट टाकणं म्हणजे भिंतीत खिळा मारणं. चिंचोळ्या कोनात भिंग काढणं हाच स्वतंत्र उपचार ठरतो, आणि उणे १३.६ मुळे त्यावर ट्रॅबची गरज पडण्याची शक्यता उरतेच.

अंधाऱ्या खोलीत, बाहुलीवर उजेड न पडू देता, चार आरशांच्या भिंगाने पुन्हा गोनिओस्कोपी करून घ्या. उजव्याचीही.

---

ओटी_टेबल

शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांत जास्त गोंधळ बाटल्यांचा होतो. उजव्याचे काचबिंदूचे थेंब थांबवले की रुग्ण डाव्याचेही थांबवतो, आणि तीन आठवड्यांनी येतो तेव्हा डावा २८. बाटल्यांवर मार्करने उ आणि डा लिहा. उजव्याचे थेंब कधी थांबवायचे हे सर्जन सांगतील. काही जण त्याच दिवशी थांबवतात, काही एक-एक करून.

पहिल्या रात्री डोकं दोन-तीन उशांवर उंच. दृष्टी लालसर-धुरकट वाटली तर बहुतेक थोडं रक्त असतं, काही दिवसांत निवळतं. तीव्र दुखणं, उलटी किंवा नजर एकदम कमी झाली तर सकाळची वाट बघायची नाही. दुसरा टप्पा दोन ते चार आठवड्यांचा: स्टिरॉइडच्या थेंबांनी दाब चढतो आणि लोक समजतात स्टेंट फेल गेला. आधी स्टिरॉइड कमी करून किंवा सौम्य प्रकारावर बदलून बघतात. दाब उतरला तर प्रश्न मिटला. नाही उतरला तर गोनिओस्कोपी: भोक दिसतंय का, बुबुळाचा तुकडा अडकलाय का. बुबुळ अडकलं असेल तर लेझरने मोकळं करता येतं.

एमआरआयचं: टायटॅनियम आणि नितिनॉल दोन्ही ३ टेस्लापर्यंत ठरावीक अटींवर चालतात. स्टेंटच्या खोक्यातलं इम्प्लांट कार्ड मागून घ्या, सिरियल नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि एमआरआयच्या आधी रेडिओलॉजीला दाखवा. तेच स्टिकर विम्याला लागतं. बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला उपमर्यादा असते. स्टेंट मोतीबिंदूच्या बिलात मिसळला तर तो त्या मर्यादेत बुडतो. काचबिंदूची शस्त्रक्रिया म्हणून वेगळी ओळ, वेगळं निदान आणि आधीची लेखी मंजुरी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर राहू नका.

---

वाकडी_सुई

क्लोपिडोग्रेलचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, उजव्याला स्टेंट ठीक. एवढंच: दोन्ही डोळे एकाच बसणीत नकोत. आधी उजवा, सहा आठवडे दाब आणि स्टिरॉइडची प्रतिक्रिया बघा. उजवा स्टिरॉइडला चढला तर डावाही चढणार, आणि डाव्याला तेवढी चढ सोसण्याची ताकद उरलेली नाही.